बॉनेटवरचा पालथा हात

मेजर चौगुले कुठल्याही गाडीच्या मालकाला रामराम करण्याआधी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवतात. तळहात नाही, पालथा हात. आई तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवते तसा. डोळे अर्धे मिटतात, मिशीचं डावं टोक जरा थरथरतं आणि निकाल लागतो.

"अर्धा तास झाला येऊन. अजमेर रोडनं आली. वाटेत कुठंतरी थांबलीवती, इंजिन चालूच ठिवून."

आणि ते खरं निघतं! मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेला आमच्या घरात फारशी किंमत नाही हे खरं, पण जयपूरमधल्या कुठल्याही सरकारी ड्रायव्हरला विचारा. तो कान पकडूनच मेजरांचं नाव घेईल.

तुम्ही म्हणाल, राजस्थानातल्या उन्हात बॉनेट तापायला इंजिन कशाला हवं? मे महिन्यात इथे उभ्या सायकलीवर पापड भाजतात. पण मेजर दोन्ही ताप वेगळे ओळखतात. "उन्हाचा ताप कातडीवरचा असतोय, पाव्हणं. इंजिनाचा हाडातला." गंमत म्हणजे माणसाचा ताप त्यांना अजिबात कळत नाही. वैनी सांगतात, "मतलब बघा ना भाऊजी, मी दोन दिवस तापाने फणफणले होते आणि हे म्हणाले, 'काय न्हाई, गारच हायस.' आणि त्याच दिवशी शेजारच्यांच्या स्कूटरला ताप आहे म्हणून तिला मेकॅनिककडे घेऊन गेले!"

मेजर मूळचे गडहिंग्लजकडचे. फौजेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, शेवटची पोस्टिंग जयपूरची, आणि इथेच प्रताप नगरात घर घेऊन राहिले. निवृत्त झाले ते सुभेदार मेजर म्हणून. पण नंतर ज्या सरकारी खात्याच्या मोटार विभागात कंत्राटावर लागले, त्या खात्याने आळसापोटी आठवडाभरात 'सुभेदार' गाळून टाकलं. "सरकारी हाफिसात माझं प्रमोशन एवढंच झालं," असं ते स्वतःच सांगतात.

माझी त्यांची गाठ पडली ती या खात्यात. वरून फर्मान आलं होतं की खात्याच्या सगळ्या पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने जाऊन त्यांच्या जागी विजेच्या येणार. त्याची योजना करायचं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि कंपनीने ते माझ्या गळ्यात बांधलं. मी मानसरोवरातून मेट्रो पकडून, लॅपटॉप छातीशी धरून मेजरांसमोर उभा राहिलो आणि रंगीबेरंगी आलेख दाखवायला लागलो. कुठली गाडी किती पळते, कुठे पळते, किती वेगाने पळते. मेजरांनी तीन आलेख पाहिले, चौथ्याला लॅपटॉप मिटला.

"कुठलं गाव?"

"नाशिक."

"तरीच. द्राक्षं वजनावर इकणारी मानसं तुमी. आरं, सरकारी गाडी पळती कुठं ते नको सांगू. थांबती कुठं ते सांग!"

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दिवसातून ते इतक्यांदा म्हणायचे की आमच्या मजल्यावरची कबुतरंसुद्धा तेच घुमतात असा मला संशय आहे. पण वाक्य लाख मोलाचं होतं. सरकारी गाडी दिवसात थोडी पळते आणि बाकी सगळा वेळ कुठेतरी उभी असते. जिथे ती उभी राहते तिथेच चार्जर लावला, तर साहेब मीटिंगमध्ये जांभया देईपर्यंत बाहेर गाडीचं पोट भरतं. आधी थांबणाऱ्या गाड्या बदलायच्या, मग गावात फिरणाऱ्या, आणि बाडमेर-जैसलमेरच्या लांबच्या दौऱ्याच्या सगळ्यात शेवटी. माझ्या आलेखांनी दोन महिने घेतले असते ते मेजरांनी एका चहात उरकलं.

मग सुरू झाली पाहणी. मेजर स्कूटरवर पुढे, मी मागे, आणि खात्याच्या गाड्या जयपुरात कुठे कुठे उभ्या राहतात ते बघत आम्ही हिंडायचो. आता सरकारी गाडी कुठे उभी राहते हे शोधायला निघणं म्हणजे मधाच्या पोळ्यात हात घालून माश्यांची हजेरी घेणं. एक गाडी प्रताप नगरात कोचिंग क्लाससमोर. एक भाजीबाजारात, दारातून कोथिंबीर बाहेर डोकावतेय. आणि लेखाधिकारी माथुर साहेबांची गाडी! साहेब कचेरीच्या पायऱ्या चढताना म्हणाले, "सीधे घर से आ रहा हूँ." मेजरांनी बॉनेटवर पालथा हात टेकला.

"ही घरनं न्हाई आली. चारदीवारीतनं आली, जुन्या शहरातनं, पैल्या गिअरमधी. एवढा ताप गल्लीबोळातच चढतोय."

ते मराठीत बोलले म्हणून बरं. पण डॅशबोर्डवरच्या तेलकट कागदात कांद्याची कचोरी होती आणि तिचा वास कुठल्याही भाषेत कळत होता. माथुर साहेबांच्या आणि मेजरांच्या वैराचा जन्म त्या कचोरीतून झाला.

बातमी पसरली की मेजर दक्षता विभागाचे गुप्तहेर आहेत. दुसऱ्या दिवसापासून खात्याच्या सगळ्या गाड्या सकाळी दहाला कचेरीत, शिस्तीत, रांगेत! जयपूर वसल्यापासून असं कधी घडलं नसेल. वर्तमानपत्रवाले फोटो काढायला येणार होते म्हणे. मी खूश झालो. मेजर मात्र कपाळाला हात लावून बसले.

"समदी पाहनी नासली! लबाडीनं थांबत्यात सगळे. मला खरं थांबायला पायजे!"

शेवटी ते प्रत्येक साहेबाच्या दारात गेले आणि फौजी शब्द दिला की गाडी कुणाची हे योजनेत लिहिणार नाही, फक्त जागा लिहिणार. दोन आठवड्यांत गाड्या पुन्हा आपापल्या पापांवर जाऊन उभ्या राहिल्या आणि आमची पाहणी पूर्ण झाली.

या सगळ्यात माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट सांगून ठेवतो. मेजर दोन डबे आणायचे. एक कचेरीत माझ्यासमोर खायचे. दुसरा हातात घेऊन, "आलोच फिरून" म्हणत बाहेर जायचे आणि रिकामा घेऊन परत यायचे. या वयात ही भूक! मी घरी बायकोला अभिमानाने सांगायचो, "आपल्या कोल्हापूरकडचा माणूस उभ्याने एक डबा आणि बसून एक डबा जेवतो." अख्ख्या मानसरोवराच्या मराठी मंडळात मी हे पसरवलं. गणपतीच्या जेवणात मेजरांच्या पानात आपोआप दुप्पट वाढू लागले, आणि ते बिचारे का ते न कळता संपवायचे.

पहिली विजेची गाडी आली तो दिवस. संचालक मॅडमसाठी होती. पांढरीशुभ्र, हार घातलेली. मॅडमचा ड्रायव्हर बन्नेसिंह ती शहरभर चालवून घेऊन आला आणि सरळ शेडमध्ये सावलीत लावली. सगळे टाळ्या वाजवत होते. मेजर पुढे झाले, त्यांनी पालथा हात बॉनेटवर ठेवला, डोळे अर्धे मिटले. आम्ही निकालाची वाट बघत थांबलो. मिशी हलेना. त्यांनी हात जरा सरकवला. मग दुसरा हात ठेवून बघितला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"कायबी बोलंना रं," मेजर म्हणाले. "गार हाय. आत्ता आली का सकाळधरनं हितंच हाय, कायबी कळंना."

मी काहीतरी विनोद केला. मेजर हसले नाहीत. रुमालाने हात पुसला आणि म्हणाले, "चला, कामाला लागू." ज्या विद्येवर या माणसाचा दरारा उभा होता ती विद्या मोडीत काढायची योजना तो स्वतःच, रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, घासूनपुसून तयार करत होता. असा माणूस तुमच्या कचेरीत असेल तर मला दाखवा, मी नाशिकहून द्राक्षांची पेटी पाठवीन.

ड्रायव्हर लोकांना या गाड्या नको होत्या. बॅटरी फुटते, पावसात करंट लागतो, आवाज नाही म्हणजे जीव नाही, एक ना दोन. त्यात बन्नेसिंह मॅडमना पाहुण्यांसह नाहरगडावर घेऊन गेला. चढताना पडद्यावरचा बॅटरीचा आकडा भराभर उतरला. बन्नेसिंहाला घाम फुटला. मग उतरताना त्याने तेच केलं जे तो, त्याचे काका आणि त्यांचे गुरू आयुष्यभर डिझेल वाचवायला करत आले होते: गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि घरंगळत खाली आला. मॅडमना सोडेपर्यंत आकडा इतका खाली होता की बन्नेसिंहाने मनोमन गाडीचं श्राद्ध घातलं. चहाच्या टपरीवर जाहीर केलं, "भाइयो, ये गाड़ी पहाड़ की नहीं है. ये तो शादी में दूल्हा घुमाने की है."

मेजरांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्याच्या शेजारी बसले, मला मागे कोंबलं, आणि आम्ही पुन्हा गडावर. उतार लागला तसा बन्नेसिंहाचा हात सवयीने न्यूट्रलकडे गेला. मेजरांनी फटका मारला.

"हाथ हटाओ! बाकी गाड़ी ढलान पर बचाती है, ये ढलान पर कमाती है! पैर उठाओ और देखो."

बन्नेसिंहाने पाय उचलला. गाडी स्वतःच धरून धरून उतरायला लागली आणि पडद्यावरचा आकडा एकने वाढला. मग आणखी एकने. बन्नेसिंहाने वळणावर गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला. "साहब, ये उतरते-उतरते भर रही है! इसमें कोई है!"

त्या संध्याकाळी गाडीला लिंबू-मिरची लागली, आणि टपरीवरचं व्याख्यान पार पालटलं. आठवड्याभरात अफवा अशी की गडावरून चारदा उतरलं की गाडी काठोकाठ भरते आणि पाचव्यांदा उतरलात तर घरच्या पंख्याला वीज देते. (ही शेवटची भर माझी होती. मला ती अजून आवडते.) ज्या ड्रायव्हरांना या गाड्या नको होत्या ते आता नाहरगडाच्या ड्यूटीसाठी भांडायला लागले. मेजरांना हे गणित खोटं आहे हे ठाऊक होतं. चढताना जातं त्याचा थोडासा भागच उतरताना परत मिळतो. त्यांनी मला दमच भरला, "तोंड मिटून ऱ्हा. आधी गाडीवर जीव बसूं दे, हिशेब मागनं शिकवतो."

म्हणजे साहेब लोक शांत, ड्रायव्हर खूश, योजना तयार. अडलं ते चौकोनावर.

नकाशात मेजरांनी प्रत्येक चार्जरशेजारी एक छोटा चौकोन काढला होता. मी विचारलं, हे काय? "लिही, 'पूरक संरचना'. तांत्रिक हाय." मी लिहिलं. माथुर साहेबांनी एकेका चौकोनाभोवती लाल वर्तुळ काढलं. तांत्रिक समर्थन नाही, चौकोन काढून टाका, नाहीतर लेखा विभागाची सही नाही. सही नाही म्हणजे योजना नाही. मी मेजरांच्या विनवण्या केल्या: एवढ्या मोठ्या योजनेत चार रेघांसाठी अडून बसायचं? मेजरांनी मिशी चावली.

"चौकोन गेला तर मी बी गेलो. कंत्राट फाडून टाकतो. बोल की!"

शेवटी मॅडमनी बैठक बोलावली. एप्रिलअखेरची दुपार, बाहेर लूच्या झळा, आत कूलरचा घरघराट.

माथुर साहेब म्हणाले, "मेजर साहब, ये चौकोर है क्या?"

"केबल के आराम के लिए, सर."

"केबल के?"

"धूप में केबल कड़क हो जाती है. उसको छाँव में लिटाना पड़ता है."

"और ये गोल बिंदी?"

"शीतलन यंत्र, सर."

"शीतलन यंत्र मिट्टी का? आपने नीचे सामग्री में 'मिट्टी' लिखा है!"

ते मी लिहिलं होतं. मेजरांनी सामान सांगितलं तसं उतरवून घेतलं, डोकं वापरलं नाही. मॅडमना हसू आवरेना. म्हणाल्या, "मेजर साहब, अब सच बताइए."

मेजर उभे राहिले. मला वाटलं, आता फौजी रिपोर्ट होणार, छप्पर उडणार. पण त्यांचा आवाज एवढा खाली आला की कूलर बंद करावा लागला.

"मैडम, चार्जिंग में गाड़ी खड़ी रहेगी. सब लिखा है, गाड़ी कहाँ खड़ी रहेगी, कितनी देर. आदमी कहाँ खड़ा रहेगा, वो किसी ने नहीं लिखा. बेंच है, मैडम. ऊपर पत्रा. और एक मटका."

"ड्राइवर तो गाड़ी में बैठता है," माथुर साहेब म्हणाले.

"साहब नहीं हो तो एसी नहीं चलाने का आर्डर है, सर. आपके ही दस्तख़त हैं. मई में बंद गाड़ी में आप बैठेंगे?"

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. खाली आवारात भिंतीच्या कडेला वीतभर सावलीची पट्टी होती आणि तिच्यात खात्याचे सगळे ड्रायव्हर पाठ भिंतीला चिकटवून उभे होते. सावली सरकली की सगळे एक पाऊल सरकायचे. या इमारतीत इतके महिने येऊन-जाऊन मी त्यांच्यावरून घड्याळ लावू शकलो असतो. पाहिलं मात्र कधी नव्हतं. बन्नेसिंह शेवटचा होता, अर्धा उन्हात.

"बेंच रहेगा," मॅडम म्हणाल्या.

माथुर साहेबांनी सही केली. पण लेखाधिकारीच ते, हरले तरी काहीतरी कापल्याशिवाय उठतील कसे? म्हणाले, "मटका नहीं. मटका किसी मद में नहीं आता," म्हणजे खर्चाच्या कुठल्याच सदरात बसत नाही. मेजर म्हणाले, "मंजूर." आणि वैनी सांगतात की त्या महिन्यापासून त्यांच्या घरात मटका टिकत नाही. "भाऊजी, दर हफ्त्याला नवा आणते. हे म्हणतात, फुटला. मतलब, एवढे फुटतात कसे?"

आता खात्याच्या निम्म्या गाड्या विजेच्या झाल्या आहेत. दुसऱ्या राज्यांतले लोक योजना बघायला येतात; मी त्यांना चार्जर दाखवतो, आणि मेजर त्यांना बेंचवर बसवून पाणी पाजतात. बाहेरच्या पाहुण्यांना मी छाती फुगवून सांगतो की ही सगळी करामत आमच्या गडहिंग्लजच्या माणसाची आहे. गडहिंग्लज 'आमचं' कधी झालं ते नाशिककरांनी विचारू नये.

परवा दुपारी त्यांच्या 'आलोच फिरून'च्या मागे मी हळूच गेलो. जास्तीची भूक कुठे भागते ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मेजर आवारातल्या चार्जरपाशी गेले. मॅडमची पांढरी गाडी लावलेली, बेंचवर बन्नेसिंह. त्याला उठू न देता मेजरांनी दुसरा डबा त्याच्या मांडीवर ठेवला. मला बघून जरा चपापले.

"आलाच हाईस तर बस."

मी बसलो. बन्नेसिंह ज्वारीची भाकरी मोडून खर्ड्याशी खात होता, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. मेजर गाडीकडे बघत होते.

"माझा बाप सरकारी जीपवर ड्रायव्हर होता," ते म्हणाले. "तालुक्याच्या हाफिसाम्होरं जीप हुभी असायची. शाळा सुटली की मी डबा घिऊन जायचो. बाप कधी चिंचंखाली, कधी भितीला टेकून, असंल तिथं. लांबनं काय कळायचं न्हाई. मग मी आधी जीपच्या बॉनेटवर हात ठिवायचो. गरम लागलं तर बाप आत्ताच आलाय, दमलाय, जरा थांबायचं. गार लागलं तर... गार लागलं म्हंजी सकाळधरनं हुभाय. मग पळत जायचं डबा घिऊन."

चार्जर आपला बारीक आवाजात गुणगुणत होता.

"आनि आता या समद्या गारच लागत्यात," मेजर म्हणाले.

एवढ्यात आवारात दुसरी विजेची गाडी शिरली. तिचा ड्रायव्हर नवा होता. साहेबांना उतरवून त्याने गाडी सावलीत लावली आणि सवयीने भिंतीकडे चालू लागला. मेजर उठले. बॉनेटपाशी गेले, पालथा हात ठेवला. मिशी हलली नाही. मग त्यांनी तो हात उचलला आणि त्या ड्रायव्हरच्या खांद्यावर ठेवला.

"कब से निकले हो, भाई? खाना खाया?"

तो गांगरला. मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला विचारलं असेल म्हणून. मग बेंचच्या टोकावर बसला, आणि सकाळपासून कुठे कुठे जाऊन आला ते सांगायला लागला, पार घरून निघताना मुलगी काय म्हणाली तिथपासून. मेजर मटक्यातून पाणी काढत ऐकत होते.